कुडाळकर अण्णांचा कालालू

कुडाळकर अण्णांनी आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या केकला व्हर्नियर लावला होता. पाहुणे टाळ्या वाजवायच्या तयारीत, मी हातात सुरी घेऊन उभी, आणि अण्णांनी शर्टाच्या खिशातून ते चकचकीत मोजमापाचं हत्यार काढून केकची उंची दोन्ही बाजूंनी मोजली. "डावीकडे बसलाय," ते म्हणाले. "खायला हरकत नाही. पण नग म्हणून रिजेक्ट."

मी मुळातच फटकळ. "अण्णा, नग म्हणून तपासायला घेतलं तर तुम्ही तरी पास व्हाल का?" असं मी भर पाहुण्यांत विचारलं. ते रागावले नाहीत. "मी ना? मी सेकंड्समध्ये जाईन, थोड्या खोटीच्या मालात," म्हणाले आणि केकचा तो बसलेला तुकडाच मागून घेतला.

अण्णा आमचे शेजारी. अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत त्यांचं आणि आमचं स्वयंपाकघर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहे, त्यामुळे त्यांच्या फोडणीत हिंग किती पडला ते मला आमच्या ओट्यापाशी कळतं. सगळी नोकरी फॅक्टरीत, तपासणी विभागात झाली. जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमधली खोट काढण्याचा पगार मिळाला की माणसाचं जे व्हायचं ते त्यांचं झालं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिलं, तर अण्णांनी नारळ कानाशी हलवून स्टेजवरच सांगितलं, "पाणी कमी आहे."

कोपऱ्यावरचा वडेवाला अण्णा दुरून दिसले की परातीतला मोठा वडा शोधायला लागतो. खालच्या मजल्यावरच्या लिमये काकू म्हणजे आमच्या इमारतीचं धर्मपीठ. सोवळं, मुहूर्त, कुणाच्या बारशाला काय न्यायचं, सगळं त्यांना विचारून. त्यांच्या मोदकाच्या कळ्यासुद्धा अण्णांनी गणपतीत मोजल्या आणि "दोन नगांत फरक आहे" असं सांगितलं. काकू पुढे गौरी जाईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

"सॅम्पल बघितल्याशिवाय मी लॉट पास करत नाही," हे अण्णांचं ब्रीदवाक्य. आंब्याच्या पेटीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना एकच नियम.

हा नियम त्यांना एकदा फार महाग पडला.

अण्णांची एकुलती एक मुलगी मीनल. बायको लवकर गेली, तेव्हा मीनलला त्यांनीच वाढवलं. ती नर्स झाली आणि नोकरीसाठी थेट त्रिनिदादला गेली. तिथे तिला ट्रेवर भेटला. शाळेत संगीत शिकवणारा, पोलादी पिंपाचा तळ ठोकून केलेलं वाद्य वाजवणारा, उंच, काळा, फोटोत सगळे दात दाखवून हसणारा. मीनलने फोटो पाठवला. अण्णा म्हणाले, "फोटोवर माल पास होत नाही." खरं कारण 'लोक काय म्हणतील' हे होतं. पण ते बोलायचं कसं, म्हणून नियम पुढे केला.

लग्नाआधी मीनल पंधरा दिवसांसाठी आली होती. आम्ही शेजाऱ्यांनी तिचं केळवण केलं. काकूंनी पुरण घातलं, मी बासुंदी केली, घरोघरी तिला पाटावर बसवून ओवाळलं. फक्त तिच्या स्वतःच्या घरी झालं नाही. अण्णा दार लावून आत बसायचे. ती परत गेली, तिकडे लग्न झालं, आणि वर्षभर बापलेकीत शब्द नाही.

मग एका रविवारी अण्णांचा फोन वाजला. भिंतीपलीकडून मला अण्णांचंच बोलणं ऐकू आलं. "काय? ... घसा? ... अगं, चिंच घातली नाहीस का? अळू खाजणारच. थोडं ताक पी आधी." तिकडे अळूच्या पानांचं नारळाच्या दुधात एक कालवण करतात, त्याला कालालू म्हणतात. मीनलने ते करायला घेतलं आणि घसा धरून बसली. वर्षभराचा अबोला त्या खाजेने मोडला. अण्णा त्या दिवशी आमच्याकडे मुद्दाम सांगायला आले, "आमची कार्टी नर्स झाली, पण अळूत चिंच घालायची अक्कल नाही." बोलताना चेहरा असा, की जणू तिला राष्ट्रपतिपदक मिळालं.

पुढच्या दिवाळीत दोघं येणार होती. त्याआधीच मीनल आजारी पडली आणि महिन्याभरात गेली. अण्णांनी तिचं शेवटचं सगळं आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मोबाइलवर बघितलं. मोबाइल माझ्या नवऱ्याने, सुहासने धरला होता. शेवटी ट्रेवर पडद्याजवळ आला आणि नुसतं "बाबा, बाबा" म्हणत राहिला. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते असं.

मुलगी गेली की जावयाचं नातं संपलं, असं आपल्याकडे म्हणतात. ट्रेवरला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तो दर रविवारी फोन करत राहिला. तिकडे सकाळ असायची, इकडे संध्याकाळ. अण्णांचं इंग्रजी फॅक्टरीचं, त्याचं बेटावरचं. दोघांना मिळून एकच विषय जमायचा.

"व्हॉट कुकिंग?" अण्णा ओरडून विचारायचे. परदेशात आवाज पोचायला ओरडावं लागतं अशी त्यांची समजूत आहे.

मग तो सांगायचा आणि हे सांगायचे. भात, मासा, कच्ची केळी. अण्णा एरवी आठवडाभर पिठलं-भाकरीवर भागवतात, पण रविवारी काहीतरी नवं करायचेच. फोनवर सांगायला हवं ना! तो फोन झाला की सोमवारी खाली उतरून मला, वडेवाल्याला, वॉचमनला बातमी द्यायचे, "जावयाने काल शार्क मासा तळला." अण्णांचा अख्खा आठवडा त्या एका फोनला टांगलेला होता. तो तुटला तर ह्या माणसाचं काय होईल, हा विचार मला कधीकधी पोळ्या लाटताना यायचा आणि मी तो झटकून टाकायची.

ह्या दिवाळीनंतर एका रविवारी फोन बराच वेळ चालला, पण जेवणाचा विषयच निघाला नाही. अण्णा फक्त "ओके. ओके. गुड," एवढंच म्हणत होते, तेही हळू आवाजात. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला नाही. अण्णा आमच्या दारात आले. "वैशाली, माझ्या मोबाइलला रेंज आहे का बघ." मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. त्यांच्या हातातच वाजला. "आहे रेंज," ते म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी पुन्हा बेल वाजली. अण्णा. "येत्या रविवारी माझ्याकडे कॅरिबियन जेवण. तुम्ही दोघं, लिमये काकू आणि मोटवानी. कपडेपण कॅरिबियन."

"कशानिमित्त, अण्णा?"

"निमित्त तपासायचं नाही," ते म्हणाले.

मी काकूंना गाठलं. काकूंनी बोटांवर हिशेब केला. "मार्गशीर्षातच गेली ना गं ती पोर? वर्षाचं करत असणार. तिला तिकडचं आवडायचं, म्हणून तसलं जेवण. कपड्यांचं म्हणतात ते आपलं बोलायला." मला ते पटलं.

मोटवानी म्हणजे उल्हासनगरचे कापडवाले, अण्णांचे जुने मित्र. मैत्री झाली तीसुद्धा भांडणातून, अण्णांनी त्यांच्या दुकानात टॉवेल मोजला तेव्हा. कॅरिबियन कपड्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती. रविवारी दुपारी ते मोठं बोचकं घेऊन आले. त्यात पोपट, नारळाची झाडं आणि जास्वंदी छापलेले शर्ट, सगळे डबल एक्सेल. "साईं, कॅरिबियन का माल नहीं मिला. हे गोव्याचे आहेत. समंदर तो समंदर है!" शिवाय एक प्लॅस्टिकचं नारळाचं झाड होतं, बटण दाबलं की हिरवं पेटणारं. सुहासने पोपटांचा शर्ट घातला. काकूंनी जास्वंदीचा निवडला आणि सहावारीवर स्वेटरसारखा चढवला. "देवाचं फूल आहे," म्हणाल्या.

स्वयंपाकात मी मदतीला होते. अळू जांभूळ गावच्या भाजीवालीकडून आणलेला. "अन्ना, यो अलू खाजला तं माजं नाव बदला," असं तिने छातीठोक सांगितलं होतं, तरी अण्णांनी दोन पानं आधी स्वतः शिजवून खाल्ली आणि अर्धा तास घसा खाजतो का ते पाहत बसले. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत झालं. जाळलेल्या साखरेत परतून केलेला भात झाला; त्याचा वास येताच सुहास गॅस बंद करायला धावत आला होता. मैद्याच्या जाडसर पुऱ्या झाल्या. "ह्याला तिकडे बेक म्हणतात," अण्णा तळता तळता म्हणाले. "नाव बेक आणि तळतात तेलात! ड्रॉइंगमध्येच चूक आहे. मी त्याला सांगितलंय तसं."

"अहो, हे तर अळूचं फदफदं," काकू पातेल्यात डोकावून म्हणाल्या. "ह्यात शेंगदाणे कुठायत?"

"तिकडे शेंगदाणे नाही, खेकडा घालतात."

काकू दोन पावलं मागे सरल्या.

"आज नाही घातला," अण्णा म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून."

बाहेरच्या खोलीत पाच ताटं टेबलावर मांडली होती. आणि समोर भिंतीशी दोन पाट, त्यांच्यापुढे केळीची दोन पानं, भोवती रांगोळी. रांगोळी अण्णांनी स्वतः काढलेली, फूटपट्टी लावून, त्यामुळे ती फरशीच्या नकाशासारखी दिसत होती. पानांच्या पलीकडे पितळेच्या गडव्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. अण्णा दर दोन मिनिटांनी आतून येऊन त्याच्याकडे बघून जात होते.

दोन पानं पाहून मी मनातल्या मनात नावं लावली. आई आणि लेक. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माझ्या कानाशी लागल्या, "बिचाऱ्याला सांगायला कुणी नाही गं. गेलेल्यांच्या पानाला रांगोळी काढत नाहीत." आणि अण्णा आत भात उतरवत होते तेवढ्यात त्या वाकल्या, पदर ओला केला आणि दोन्ही पानांभोवतीची रांगोळी स्वच्छ पुसून टाकली. पिशवीतून आणलेला पांढऱ्या फुलांचा हार गडव्याला घातला.

अण्णा भाताचं भांडं घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले.

"रांगोळी कुणी पुसली?"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मोटवानींनी दचकून झाडाचं बटण बंद केलं.

"अण्णा, मी पुसली," काकू म्हणाल्या. "अहो, श्राद्धाच्या पानाला—"

"श्राद्ध कुणाचं? केळवण आहे हे! माझ्या जावयाचं केळवण आहे!" भांडं त्यांच्या हातात हिंदकळत होतं. सुहासने पुढे होऊन ते घेतलं. अण्णा तसेच उभे राहिले, रिकामे हात पुढे धरून. मग हळू म्हणाले, "लग्न करतोय तो. तिथलीच आहे, त्याच्याच शाळेत शिकवते. मला विचारलंन त्याने. परवानगी मागितलीन. मी कोण लागतो आता त्याचा? तरी मागितलीन."

सुहासने भांडं टेबलावर ठेवलं.

"त्याचे आईवडील नाहीत," अण्णा म्हणाले. "मग केळवण कोण करणार? आणि माझ्या मीनूचं... तिचं मी केलं नाही. घरात बसून होतो मी तेव्हा. तुमच्या सगळ्यांच्या घरून ओवाळल्याचं ऐकू यायचं मला, ताम्हनाचा आवाज. मी आत बसून होतो."

लिमये काकूंनी आधी तो हार काढून पिशवीत कोंबला. मग खाली बसल्या, रांगोळीचा डबा मागितला आणि जास्वंदीच्या शर्टाच्या बाह्या सावरून दोन्ही पानांभोवती अशी वेलबुट्टी काढली, की मी त्यांच्या घरच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. "तुमची सरळ रेघांची होती तशी नको केळवणाला," एवढंच म्हणाल्या. नाक ओढत होत्या.

ठरलेली वेळ होऊन गेली. फोन वाजला नाही. पाचही जण टेबलाशी बसून मोबाइलकडे बघत होतो आणि मोटवानींनी पुन्हा लावलेल्या झाडाचा हिरवा उजेड चालू-बंद होत होता. अण्णा शर्टाच्या खिशातला व्हर्नियर नुसताच उघडत-मिटत होते. कालालूवर साय धरली.

मग वाजला.

ट्रेवर नवा शर्ट घालून बसला होता. शेजारी एक गोल चेहऱ्याची बाई, मार्था. ती आपले हात मांडीवर घट्ट धरून बसली होती, मुलगी बघायला पाहुणे आल्यावर आपण बसायचो तशी. काकूंनी निरांजन लावून मोबाइलला ओवाळलं. पडद्याला कुंकू लागलं, आणि नेमकं मार्थाच्या कपाळाऐवजी ट्रेवरच्या नाकावर. मोटवानी आधी हसले आणि मग रुमालात तोंड घालून रडले. अण्णांनी एकेक पदार्थ पानावर वाढून दाखवला. "चेक! कालालू. चेक! बेक." मग कपाटातून हिरवा शालू आणला. तो त्यांच्या बायकोचा, मीनलसाठी ठेवलेला. "फॉर मार्था," ते म्हणाले. "पोस्ट करणार. कलर फास्ट आहे."

मार्था रडायला लागली. ट्रेवरने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाबा, मी पास?" मीनलने त्याला सगळं सांगितलं असणार. अण्णांनी व्हर्नियर काढला, पडद्यावर त्याच्या चेहऱ्याला लावला, वाचायला चष्मा पुसला, पुन्हा लावला. डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना काही दिसत नव्हतं हे आम्हाला दिसत होतं.

"पास," ते म्हणाले.

जेवण झाल्यावर मी भांडी आवरत होते. अण्णा दोन पानांपुढे बसले होते. "हे कावळ्याला ठेवू नकोस हं," म्हणाले. "शुभाचं अन्न आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "मीच त्याला सांगितलं, आता तुझा नवा संसार. बिझी असलास तर रविवारचा फोन नाही केलास तरी चालेल."

"तो काय म्हणाला?"

"ओके म्हणाला."

हे सांगून ते जावयाच्या पानातला गार भात जेवले.  मी फटकळ बाई, आणि त्या दिवशी मी नुसतं त्यांच्यासमोर पाणी ठेवलं.

लग्नानंतरच्या रविवारी मी काम नसताना ओट्यापाशी रेंगाळत होते. पलीकडून फोडणीचा आवाज आला नाही. अण्णांनी काही केलंच नव्हतं. दिवे लागले. सुहास म्हणाला, "भिंतीला कान लावून उभी राहू नकोस, शोभत नाही." मी तशीच उभी राहिले.

फोन वाजला. अण्णा आवाज मोठा ठेवतात, म्हणून पलीकडची बाई मला स्पष्ट ऐकू आली. बाबा, मी कालालू करतेय, ती सांगत होती. पण घसा खाजतोय. त्यात काय घालायचं?

ह्या बाईचा जन्म त्या बेटावरचा. तिने हे कालवण चालायला लागायच्या आधीपासून खाल्लेलं असणार. अळूची खाज घालवायला तिला अंबरनाथला फोन करायची गरज नव्हती. मला ते लगेच कळलं. अण्णांना कळलं की नाही ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

"टॅमरिंड!" अण्णा ओरडले. "टॅमरिंड पुट! लिंबाएवढी घे. फर्स्ट सोक, देन स्क्वीझ. आणि थोडं ताक पी आधी, मीनू."

तिकडे पातेल्यात फिरणारा डाव थांबला. 

"ओके, बाबा," ती म्हणाली.